दुसऱ्याच्या हातचं पाणी

१६०९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज पाळकापुढे मोठाच पेच उभा राहिला. तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा खरा नव्हे, विश्वास ठेवल्यावर घेतलेला तोच खरा, अशी त्याची खात्री झाली होती. मग आता तो घ्यायचा कुणाकडून? ज्यांच्याकडून घ्यावा, त्यांचाही बाप्तिस्मा त्याच्या लेखी खोटाच. शेवटी त्याने स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला आणि मग थॉमस हेल्विस व बाकीच्या सोबत्यांना दिला. विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. पण पुढे स्मिथला स्वतःलाही ते खटकू लागलं. त्याच शहरात मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या मेनोनाइट लोकांची मंडळी असताना आपण हे करायला नको होतं, असं म्हणत त्याने त्यांच्यात सामील होण्यासाठी अर्ज केला. हेल्विसला हे मान्य नव्हतं. तो वेगळा झाला, इंग्लंडला परतला आणि तिथली पहिली बॅप्टिस्ट मंडळी त्याने उभी केली.

बाप्तिस्म्यावर लिहिणारे बहुतेक जण पाण्यापासून सुरुवात करतात. किती पाणी, कसलं पाणी, बुडवायचं की ओतायचं, बाळाला द्यायचा की मोठ्यांना. यावर ख्रिस्ती मंडळींनी शेकडो वर्षं डोकेफोड केली आहे, आणि प्रसंगी एकमेकांची डोकीही फोडली आहेत. पण बाप्तिस्मा देणाऱ्या जवळजवळ सगळ्या परंपरा एका गोष्टीवर अडून बसलेल्या दिसतात: तो दुसऱ्याच्या हातून व्हायला हवा. मला या संस्काराचा गाभा तिथेच दिसतो.

येशूच्या काळातल्या योहान नावाच्या संदेष्ट्याच्या आधी यहुदी लोकांत पाण्यात बुडी मारून शुद्ध होण्याची रीत होतीच. मिकवे नावाच्या कुंडात माणूस स्वतः उतरे, स्वतः बुडी मारे आणि बाहेर येई. जुन्या करारातला कुष्ठरोगी सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुडाला, तोही आपला आपणच. योहान आला आणि त्याने हे उलटं केलं. लोक नदीवर येत, पापं कबूल करत आणि पाण्यात तो त्यांना स्वतः बुडवी. लोकांना हे इतकं वेगळं वाटलं असावं की त्याच्या नावालाच ते चिकटलं: बाप्तिस्मा करणारा योहान. येशूही त्याच्याकडेच आला. योहान म्हणाला, खरं तर तुझ्या हातून मी घ्यायला हवा. येशूने ते ऐकलं नाही; तो रांगेतल्या कुणाही माणसासारखा पाण्यात उतरला. ज्याला पश्चात्तापाची गरजच नव्हती, त्यानेही मान दुसऱ्याच्या हातात दिली. पुढे शिष्य लोकांना बाप्तिस्मा देऊ लागले, तेव्हा येशू स्वतः तो देत नव्हता, असं योहानाच्या (हा योहान वेगळा) शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात मुद्दाम नमूद केलेलं आहे.

प्रेषित पौलाने बाप्तिस्म्याचा अर्थ सांगितला तो मरणाच्या भाषेत. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो म्हणतो की आपण बाप्तिस्म्याने ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, आणि तो जसा मेलेल्यांतून उठला तसं आपणही नव्या जीवनात चालावं. आता स्वतःला कुणी पुरू शकत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात पाण्याने व आत्म्याने जन्मण्याची गोष्ट आहे, आणि स्वतःला कुणी जन्मही देऊ शकत नाही. पाण्याखाली जाणं म्हणजे थडगं आणि पाण्याबाहेर येणं म्हणजे जन्म, हे दोन्ही अर्थ एकाच कृतीत बसवलेले आहेत, आणि दोन्हींत माणूस कर्ता नाही. याखेरीज पापांची क्षमा, ख्रिस्ताला वस्त्रासारखं परिधान करणं, एका शरीराचे अवयव होणं, असे आणखी अर्थ पत्रांमधून विखुरलेले आहेत. पण प्रवचनात फक्त ‘पाप धुऊन निघणं’ एवढंच सांगितलं जातं, तेव्हा बाप्तिस्मा म्हणजे एक प्रकारची आंघोळ उरते आणि पुरलं जाण्याचा धाक निघून जातो. १ पेत्र ३:२१ मध्ये तर स्पष्टच म्हटलंय की इथे शरीराचा मळ काढण्याचा विषय नाही.

आता प्रत्यक्ष विधीकडे येऊ. कॅथलिक चर्चमधला बाळाचा बाप्तिस्मा घ्या, कारण त्यात जुने थर सगळ्यांत जास्त टिकले आहेत. सुरुवात दारात होते. बाळाचं नाव काय ठेवलंत आणि चर्चकडे काय मागता, असे दोन प्रश्न. मग फादर, आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. शास्त्रवाचन, संतांची विनवणी, दुष्टापासून सुटकेची प्रार्थना आणि छातीवर तेलाचा अभ्यंग. पाण्यावर आशीर्वाद. त्यानंतर सैतानाला नाकारण्याचे तीन प्रश्न आणि विश्वासाचे तीन प्रश्न, ज्यांची उत्तरं आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता देतात. मग पाणी. त्यानंतर टाळूवर सुगंधी क्रिझ्म तेल, पांढरं वस्त्र, पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती, कान आणि ओठांना स्पर्श करून ते ऐकण्या-बोलण्यासाठी मोकळे व्हावेत अशी प्रार्थना, आणि शेवटी आईवडिलांना आशीर्वाद.

त्या प्रश्नोत्तरांना हलकं समजू नये. हिप्पोलितच्या नावावर असलेल्या, साधारण तिसऱ्या शतकातल्या विधीसंग्रहात त्याचं मूळ रूप दिसतं. उमेदवार पाण्यात उभा. त्याला विचारलं जाई, सर्वसमर्थ पित्यावर विश्वास आहे का? तो म्हणे, आहे. की एक बुडी. मग पुत्राबद्दल प्रश्न, दुसरी बुडी. मग पवित्र आत्म्याबद्दल, तिसरी. दर रविवारी एका दमात म्हटला जाणारा प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, याच प्रश्नोत्तरांतून वाढत गेला आहे. म्हणजे तो आधी पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची उत्तरं होता, पाठांतराचा मजकूर नंतर झाला.

पाणी ओतण्याचा क्षण असतो फार तर दहा सेकंदांचा, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. बाळ उभं धरलं की पाणी कपाळावरून थेट डोळ्यांत आणि नाकात जातं. त्याला आडवं, तोंड वर आणि टाळू कुंडावर येईल असं धरावं, डोकं शरीरापेक्षा किंचित खाली. टोपी आधीच काढलेली असावी, गळ्याशी बंद-गुंड्या सैल असाव्यात. पाणी कोमट, अंगाच्या उष्णतेइतकं. गारठलेल्या पाण्याने बाळ दचकतं आणि धरणाऱ्याचा हात हलतो. दर वेळी मोठे दोन चमचे पाणी पुरतं, पण ते कातडीवरून वाहायला हवं. ओल्या बोटाने कपाळ पुसणं किंवा दाट केसांवर चार थेंब टाकणं हे कॅथलिक नियमानुसार शंकास्पद ठरतं. पाणी ओतणारा आणि शब्द उच्चारणारा माणूस एकच हवा, आणि दोन्ही एकाच वेळी व्हायला हवं. एकाने ओतलं आणि दुसऱ्याने म्हटलं, तर बाप्तिस्मा होत नाही. मेणबत्ती बाळाच्या झालरीच्या कपड्यांपासून लांब, शक्यतो धर्मपित्याच्या हाती द्यावी. आणि एक किरकोळ तक्रार: पांढरं वस्त्र पाण्यानंतर घालायचं असतं. बाळाला घरूनच पांढऱ्यात सजवून आणलं की त्या ओळीचा अर्थच जातो.

शब्द ठरलेले आहेत. ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ मत्तय २८:१९ मधून आलेले. यात इकडचं तिकडे केलं तर काय होतं याची दोन ताजी उदाहरणं आहेत. काही ठिकाणी पिता, पुत्र ही पुरुषवाचक नावं टाळण्यासाठी ‘निर्माता, उद्धारक आणि पवित्र करणारा’ असं म्हणण्याची टूम निघाली होती. २००८ साली व्हॅटिकनने असे बाप्तिस्मे झालेच नाहीत असं जाहीर केलं. २०२० मध्ये दुसरा निर्णय आला: ‘मी’ ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ म्हटलं असेल, तर तोही बाद. तो वाचून अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या एका तरुण धर्मगुरूने आपल्या बाळपणीच्या बाप्तिस्म्याची चित्रफीत काढून पाहिली. तीत ‘आम्ही’ होतं. बाप्तिस्माच नाही म्हटल्यावर दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, विश्वास पक्का करणारा संस्कार) नाही, दृढीकरण सोडाच, धर्मगुरूपदाची दीक्षाही नाही. त्याचा पुन्हा बाप्तिस्मा, पुन्हा दृढीकरण, पुन्हा दीक्षा झाली. त्याने मधल्या काळात साजरे केलेले मिस्सा आणि ऐकलेली पापनिवेदनं यांचं काय, हा घोळ निस्तरावा लागला तो वेगळाच.

एका सर्वनामासाठी एवढा आटापिटा? हा बाहेरच्यांना कज्जेदलाली वाटेल असा प्रश्न आहे, आणि अनेक ख्रिस्ती लोकांनाही तो तसाच वाटला. पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. ‘आम्ही’ म्हटलं की जमलेली माणसं, नातेवाईक, मंडळी मिळून बाप्तिस्मा देतात असा अर्थ होतो. चर्चचं म्हणणं असं की देणारा ख्रिस्त आहे आणि हात त्याला उसना दिलेला आहे. तो हात समितीचा असू शकत नाही. ऑर्थोडॉक्स चर्च याच दिशेने आणखी पुढे जातं. तिथे पाद्री ‘मी’ सुद्धा म्हणत नाही. ‘देवाचा हा सेवक पित्याच्या नावाने बाप्तिस्मा पावत आहे, आमेन’ असं म्हणत बाळाला पहिल्यांदा बुडवतात, मग पुत्राच्या नावाने, मग पवित्र आत्म्याच्या. घेणारा तर कर्ता नाहीच, देणाऱ्यानेही स्वतःला वाक्यातून काढून घेतलेलं.

पाण्याबद्दल मात्र नियम अगदी सैल. दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या ‘दिदाखे’ या छोट्या नियमावलीत लिहिलंय की वाहत्या पाण्यात द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. गार नसेल तर गरम चालेल. आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओता. इतका व्यवहारी परिच्छेद धर्मग्रंथांत क्वचितच सापडतो. नदीचं, समुद्राचं, विहिरीचं, नळाचं, वितळलेल्या बर्फाचं, कुठलंही पाणी चालतं. आइसलँडने इसवी सन १००० च्या सुमाराला ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा बऱ्याच जणांनी थंड पाणी नाकारून गरम झऱ्यांत बाप्तिस्मा घेतल्याची नोंद तिथल्या जुन्या बखरींत आहे. त्याला कुणी हरकत घेतली नाही. नॉर्वेहून मात्र १२४१ साली पोप ग्रेगरी नववे यांच्याकडे विचारणा आली होती की पाण्याच्या टंचाईमुळे काही बाळांना बिअरने बाप्तिस्मा दिला गेला, तो धरायचा का? उत्तर आलं, नाही. दूध, तेल, रस, थुंकी, काहीही पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

देणाऱ्या हाताची लायकी हा प्रश्न त्याहून कठीण होता, आणि त्यावर चर्च जवळजवळ फुटलंच. तिसऱ्या शतकात छळाच्या काळात काही बिशपांनी नांगी टाकली, काही वेगळ्या पंथात गेले. अशांच्या हातचा बाप्तिस्मा चालेल का? कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणे, ज्याच्याकडे पवित्र आत्मा नाही तो देणार काय? २५६ साली कार्थेजमध्ये जमलेल्या ८७ बिशपांनी त्याला साथ दिली. रोमचा बिशप स्तेफन म्हणे, नाव त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचं, असेल तर झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नाही. ३१४ साली आर्ल येथील धर्मसभेने रोमच्या बाजूने कौल दिला, आणि पुढे, देणारा निष्कलंक असेल तरच बाप्तिस्मा खरा मानणाऱ्या दोनातिस्त पंथाशी वाद घालताना बिशप ऑगस्टीनने त्याचं कारण एका ओळीत सांगितलं: पेत्राने दिला तरी देणारा ख्रिस्तच, येशूला धरून देणाऱ्या यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. मला हा निर्णय चर्चच्या इतिहासातल्या सर्वांत दिलासा देणाऱ्या निर्णयांपैकी एक वाटतो. नाहीतर पाळकाचं एखादं लफडं बाहेर आलं की त्याने बाप्तिस्मा दिलेल्या शेकडो लोकांनी आपल्या तारणाची काळजी करत बसायचं.

याच तर्काचं टोक म्हणजे आणीबाणीतला बाप्तिस्मा. जीव धोक्यात असेल तर कॅथलिक नियमानुसार कुणीही तो देऊ शकतं: नर्स, दाई, शेजारी, स्वतः बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा. अट एकच, चर्च जे करतं ते करण्याचा हेतू हवा. पद्धत साधी आहे. स्वच्छ पाणी घ्यायचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी निर्जंतुक पाणी आणि सुई नसलेली सिरिंज पुरते. कपाळावर किंवा डोक्यावर तीनदा, वाहेल इतपत सोडायचं आणि सोडतानाच ते वाक्य म्हणायचं. नाव ठरलं असेल तर आधी नाव. शक्य तर एखादा साक्षीदार. नंतर पॅरिशला, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चला, कळवून नोंद करून घ्यायची. बाळ वाचलं तर पुढे चर्चमध्ये तेल, वस्त्र, मेणबत्ती हे राहिलेले विधी पूर्ण करतात, पाणी मात्र पुन्हा लावत नाहीत. बाळ आधीच गेलं असेल तर बाप्तिस्मा देत नाहीत. प्रार्थना करतात, नाव देतात. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांचं पुढे काय होतं, या प्रश्नाने पिढ्यान्‌पिढ्या आयांना छळलं आहे. २००७ साली कॅथलिक ईशज्ञान आयोगाने दीर्घ अभ्यासानंतर अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे असं सांगितलं. आणि इतकी मोकळीक असलेल्या या नियमातही एक दार बंदच आहे: मरणाऱ्या माणसाने ओंजळभर पाणी घेऊन स्वतःच्याच डोक्यावर ओतलं, तर तो बाप्तिस्मा नव्हे. त्याची इच्छा देवापाशी मोजली जाते, पाणी नाही.

बुडवून द्यायच्या बाप्तिस्म्याचं तंत्र वेगळं, आणि ते कागदावर वाचण्यापेक्षा एकदा कोरड्यात सराव करून पाहण्याचं आहे. आधी पाणी. २ मीटर लांब, १ मीटर रुंद टाकीत १ मीटर खोल पाणी म्हणजे २००० लिटर, वजन दोन टन. वरच्या मजल्यावर तात्पुरती टाकी ठेवणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. मिनिटाला १५ लिटर देणाऱ्या नळीने ती भरायला सव्वादोन तास लागतात. २० अंशांचं पाणी ३२ अंशांवर आणायला सुमारे २८ युनिट वीज लागते, म्हणजे ३ किलोवॅटच्या हीटरला नऊ तासांहून जास्त. आदल्या रात्रीच लावावा, आणि पहिला माणूस पाण्यात उतरण्याआधी नुसतं बटण बंद करून न थांबता प्लग काढून हीटर बाहेर घ्यावा. तारेचा माइक पाण्यात उभ्या माणसाच्या हाती कधीही देऊ नये. २००५ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये बाप्तिस्म्याच्या टाकीत उभ्या असलेल्या एका पाळकाचा माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला.

पाळक उमेदवाराच्या बाजूला उभा राहतो. उमेदवार दोन्ही हात छातीशी घेतो, एका हाताने रुमालाने नाक धरतो. पाळकाचा एक हात त्याच्या पाठीवर खांद्यांच्या मधोमध, दुसरा त्याच्या मनगटांवर. वाक्य पूर्ण म्हणून झाल्यावरच मागे न्यायचं; अर्धं वाक्य पाण्यावर आणि अर्धं पाण्यातून वर काढताना, असं झालं की ना त्याला ऐकू येत ना मंडळीला. उमेदवाराला आधी बजावून ठेवायचं: गुडघे वाकव, पाय जमिनीवरून उचलू नको. ताठ राहिला की पाय तरंगतात, डोकं आपटतं किंवा टाळू कोरडी राहते आणि मग ‘पूर्ण बुडला की नाही’ यावर तिथल्या तिथे कुजबुज सुरू होते. पाण्यात माणूस हलका लागतो. खरा भार येतो तो भिजलेल्या कपड्यांसकट वर उचलताना, आणि पाळकाची कंबर धरते ती तिथेच. पायांत ताकद असलेल्याला स्वतः उठू द्यावं, हाताने फक्त सुरुवात करून द्यावी. धिप्पाड माणसाला गुडघ्यांवर बसवून पुढे वाकवलं तरी चालतं. पांढरा झगा ओला झाला की पारदर्शक होतो; खाली गडद कपडे आणि झग्याच्या घेरात वजन शिवलेलं हवं. हृदयविकार, फेफरं, ताजी शस्त्रक्रिया असलेल्यांना ओतून द्यावा. त्यांचा बाप्तिस्मा कमअस्सल मानणाऱ्यांनी ‘दिदाखे’ पुन्हा वाचावं.

नदीत उतरायचं तर कंबरभर पाणी, तळ आधी कुणी तपासलेला, आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला पोहता येणारा एक जण. उमेदवाराचं डोकं प्रवाहाच्या वरच्या बाजूला यावं. मग पाणी डोक्याकडून पायांकडे वाहतं, नाकात घुसत नाही आणि झगाही वर उडत नाही. वरच्या भागात पाऊस झाला असेल तर तारीख बदलावी. त्यात विश्वासाची कसोटी बघण्यासारखं काही नाही.

बाळ की मोठा माणूस, हा वाद टाळून पुढे जाता येत नाही. बाळांच्या बाजूचे लोक सांगतात की प्रेषितांच्या कृत्यांत लुदियेचं, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं अख्खं घराणं बाप्तिस्मा घेतं, आणि कलस्सैकरांस पत्र सुंतेशी त्याचं नातं जोडतं. दुसरी बाजू म्हणते, नव्या करारात एकाही तान्ह्या बाळाचं नाव घेऊन उल्लेख नाही, आणि क्रम सगळीकडे ‘पश्चात्ताप करा, मग बाप्तिस्मा घ्या’ असाच आहे. इसवी सन २०० च्या सुमारास तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका असं लिहिलं, म्हणजे तेव्हा ती रीत होती, आणि तेव्हाही ती सर्वांना पटत नव्हती. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला पुन्हा बाप्तिस्मा दिला. दोनच वर्षांत, ५ जानेवारी १५२७ रोजी, त्यांचा साथीदार फेलिक्स मान्झ याला शहराच्या आज्ञेने लिमाट नदीत बुडवून मारलं. पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला पाण्याचीच शिक्षा. हा विखार ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांवर ओतला, हे विसरून या विषयावर गोडगोड लिहिता येत नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू एकाच गोष्टीची दोन टोकं धरून ओढताहेत. बाळाचा बाप्तिस्मा दाखवतो की हे दान आहे, घेणाऱ्याने कमावलेलं काही नाही. मोठ्याचा बाप्तिस्मा दाखवतो की दान घेण्यासाठी तोंडातून होकार यावा लागतो. गंमत अशी की व्यवहारात दोघांनाही दुसरं टोक जोडून घ्यावं लागलं. बाळांना बाप्तिस्मा देणारे (ऑर्थोडॉक्स वगळता) पुढे दृढीकरण ठेवतात, म्हणजे मूल मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने होकार देईल. मोठ्यांनाच देणारे बाळाच्या अर्पणाचा विधी करतात, म्हणजे जन्मताच काहीतरी देवापुढे ठेवल्यासारखं होईल. दोघांकडेही शेवटी दोनच सोहळे.

तयारीच्या काळाबद्दल नव्या करारात आणि नंतरच्या रीतीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कूशी देशाच्या अधिकाऱ्याने रथातूनच पाणी पाहिलं आणि फिलिप्पाने तिथल्या तिथे त्याला बाप्तिस्मा दिला. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी मध्यरात्री. पण वर सांगितलेल्या तिसऱ्या शतकातल्या संग्रहात तीन वर्षं शिकवणीची आहेत, आणि उमेदवाराचा धंदा काय, तो कसा वागतो याची चौकशी आहे. आज कुठे सहा आठवड्यांचा बाप्तिस्मा वर्ग असतो, कुठे वर्षभराची वाटचाल आणि पास्काजागरणाच्या रात्री बाप्तिस्मा. मुदत कितीही असो, बिघडतं ते ठरलेल्या दोन जागी. एक, मैत्रिणी घेताहेत म्हणून मीही, अशी रांग लागते आणि कुणी कुणाला एकट्याने बसवून विचारत नाही की तुला हे का हवंय. कॅथलिक नियमात मोठ्या माणसाने आपला इरादा स्वतः प्रकट केलेला असावा ही अट आहे, ती याचसाठी. दोन, धर्मपिता-धर्ममाता मानपानावरून निवडले जातात. नियम साधा आहे: एक असला तरी पुरे, दोन असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री, सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेलं, आणि स्वतःचे आईवडील नव्हेत. यातला कागदावर न मावणारा भाग असा की ते माणूस मुलाच्या आयुष्यात पंधरा वर्षांनंतरही फोन उचलणारं असावं.

घाईची उलट बाजूही आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली, मरणाच्या दारात. ऑगस्टीन लहानपणी आजारी पडला तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी झाली होती. बरा होताच ती पुढे ढकलली गेली, आणि तो झाला थेट ३८७ च्या पास्काला, मिलानमध्ये, तिथल्या बिशप अ‍ॅम्ब्रोसच्या हातून. बाप्तिस्म्याने सगळी पापं धुतली जातात, तर तो शेवटी घेतलेला बरा, असा हिशेब तेव्हा सर्रास होता. हिशेब चुकीचा म्हणता येत नाही, कोता मात्र खरा. येशूशेजारी क्रूसावर खिळलेल्या चोराला बाप्तिस्म्याविनाच स्वर्गलोकाचं वचन मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच्याकडे पाणी नव्हतं आणि हात खिळलेले होते. ज्याच्याकडे दोन्ही मोकळे आहेत त्याने त्याचा दाखला देऊ नये.

आणि हे सगळं एकदाच. इफिसकरांस पत्रातला ‘एकच बाप्तिस्मा’ आणि ३८१ सालच्या मतांगीकारातली पापक्षमेसाठीच्या एका बाप्तिस्म्याची ओळ, दोन्हींचा रोख तिकडेच. विश्वास डळमळला, माणूस दहा वर्षं चर्चकडे फिरकला नाही, तरी परत आल्यावर पुन्हा पाणी लावत नाहीत. पश्चात्ताप आणि पापनिवेदन आहे, नवा बाप्तिस्मा नाही. आधीचा झाला की नाही हेच कळत नसेल, चौकशी करूनही पुरावा मिळत नसेल, तर अटीवर देतात: ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो...’ तोही खासगीत, गाजावाजा न करता.

म्हणून रजिस्टर महत्त्वाचं. कॅथलिक नोंदीत नाव, बाप्तिस्म्याची तारीख व ठिकाण, जन्माची तारीख व ठिकाण, आईवडील, धर्मपिता-धर्ममाता किंवा साक्षीदार आणि बाप्तिस्मा देणारा, इतकं असतं. पुढचं दृढीकरण, लग्न, धर्मगुरूपद यांची टिपणंही त्याच नोंदीच्या समासात चढतात. त्यामुळे लग्न ठरलं की जुना, घडी पडलेला दाखला चालत नाही. बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशकडून नव्याने काढलेला, साधारण सहा महिन्यांच्या आतला मागतात. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी जुळतात का, हे बाळाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीच, सही करण्याआधी वाचून घ्यावं. नंतर दुरुस्ती होते, पण त्यासाठी बिशप कार्यालयापर्यंत खेटे घालावे लागू शकतात.